शंखद्राव

इ. स. १७९६ सालीं ‘बाँबे कुरियर’ या मुंबईच्या इंग्रजी पत्रांत हेलेनस स्कॉट नांवाच्या कंपनीच्या डॉक्टरानें एक पत्र प्रसिद्ध केलें. यकृताच्या विकारावर पारा देण्याची त्या काळच्या युरोपियन डॉक्टरांत सर्रास चाल होती. स्कॉटनें त्याऐवजीं सोऱ्याचा तेजाब, म्हणजे आजच्या पाठ्यपुस्तकांतील नायट्रिक आम्ल, पुष्कळशा पाण्यांत मिसळून देण्यास आरंभ केला होता. पहिला प्रयोग त्यानें स्वतःवरच केला; मग उपदंशाच्या रोग्यांसही तेंच औषध दिलें. विलायतेंत या पत्राचा बराच बोलबाला झाला. टॉमस बेडोज या डॉक्टरानें ठिकठिकाणचे अनुभव गोळा करून छापले. पुढें १८१७ सालीं स्कॉटनें सोऱ्याचा व मिठाचा तेजाब एकत्र करून त्याच्या उपयोगावर आणखी एक निबंध लिहिला, आणि हा मिश्र तेजाब, अर्थात् अगदीं सौम्य करून, यकृतावरील औषध म्हणून इंग्रजी औषधिसंग्रहांत बराच काळ टिकून राहिला.

आतां ही हकीकत वाचतांना आयुर्वेदाची थोडीबहुत ओळख असलेल्या मनुष्यास शंखद्रावाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. हिराकस, तुरटी, सोरा, नवसागर, सैंधव, टांकणखार अशीं द्रव्यें कुटून कांचेच्या कुपींत भरावयाचीं, खालून आंच द्यावयाची, आणि कुपीच्या तोंडून निघणारी वाफ दुसऱ्या पात्रांत निववून धरावयाची, अशी त्याची कृति. घटकांची यादी ग्रंथागणिक थोडी बदलते, पण सोरा व हिराकस किंवा तुरटी यांची जोडी सुटत नाहीं. या द्रवांत शंख, कवडी विरघळून जातात, म्हणून हें नांव. उपयोग सांगितला आहे तो प्लीहा, यकृत, गुल्म, उदर या विकारांवर, आणि तोही थेंब मोजून. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर हा द्रव म्हणजे सोऱ्याचा व मिठाचा तेजाब एकत्र मिसळलेला, दुसरें कांहीं नव्हे. द्रव्य तेंच, अवयव तोच, आणि देशही तोच!

स्कॉट हा एतद्देशीय कलांकडे डोळेझांक करणारा मनुष्य नव्हता. हिंदुस्थानांतील ‘वूट्झ’ नांवाच्या पोलादाचे नमुने १७९४ सालीं मुंबईहून लंडनच्या सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविणारा तो हाच. तरी तेजाबाविषयीं लिहितांना त्यानें दिलेलें कारण सर्वस्वीं फ्रेंच रसायनशास्त्रांतलें आहे. पाऱ्याच्या भस्मांतील प्राणवायु रोग बरा करतो, मग पारा हवाच कशाला, प्राणवायूनें भरलेलें आम्लच द्यावें, असा त्याचा तर्क. लाव्वाझिएचा ग्रंथ निघून तेव्हां जेमतेम सात वर्षें झालीं होतीं. तर्क चुकीचा होता ही गोष्ट निराळी. शंखद्राव देणारे वैद्य आणि नायट्रिक आम्ल देणारा डॉक्टर एकाच देशांत एकाच रोगावर एकच औषध देत होते, आणि दोघांच्या विद्यांची गांठ मात्र कोठेंच पडत नव्हती, हें मला या प्रकरणांतील खरें मर्म वाटतें. शंखद्रावाचा इतिहास म्हणजे अशा न पडलेल्या गांठींचा इतिहास आहे.

आमच्या विद्यार्थिदशेंतील इंग्रजी पुस्तकांत या आम्लाच्या शोधाविषयीं एक वाक्य ठरलेलें असे: आठव्या शतकांतील गेबर नांवाच्या अरब किमयागारानें हिराकस, सोरा व तुरटी यांपासून तें काढलें. परीक्षेपुरतें तें पुरे होतें. वस्तुतः हें वाक्य त्या वेळींही जुनें झालेलें होतें. गेबर म्हणजे जाबिर इब्न हय्यान. त्याच्या नांवावर अरबींत पुष्कळ ग्रंथ आहेत, आणि लॅटिनमध्येंही आहेत. १८९३ सालीं बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें अरबी ग्रंथ मिळवून लॅटिन ग्रंथांशीं ताडून पाहिले, तेव्हां त्याला आढळलें कीं, तेजाबाची ती प्रसिद्ध कृति लॅटिनांत आहे, जाबिरच्या अरबींत नाहीं. लॅटिन ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर कोणी युरोपीयानें लिहून वजनासाठीं जाबिरच्या नांवावर खपविले. त्यांतील मुख्य ग्रंथाचा कर्ता तारांतोचा पॉल नांवाचा इटालियन साधु असावा असें अलीकडचे संशोधक म्हणतात. थोरांच्या नांवावर आपला ग्रंथ चढविण्याची हौस आमच्याकडेच होती असें नव्हे. नागार्जुनाच्या नांवावर काय काय चढलें आहे तें पाहिलें म्हणजे गेबरची कथा अपरिचित वाटत नाहीं.

या लॅटिन ग्रंथांतील कृति अशी: सायप्रसचा हिराकस, सोरा आणि येमेनची तुरटी एकत्र करून पात्र लाल होईपर्यंत तापवावें व निघणारें पाणी धरावें. त्यांत रुपें विरतें. मग त्यांत नवसागर टाकला तर सोनेंही विरतें. पहिल्यास युरोपांत ‘जोरकस पाणी’ या अर्थाचें लॅटिन नांव मिळालें. दुसऱ्यास, राजाप्रमाणें मानलेल्या सोन्यावर मात करणारें म्हणून, अम्लराज. शंखद्रावाची यादी आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवली तर फरक नांवांचा उरतो.

मग प्रथम कोणी काढलें? या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं शोध म्हणजे नेमकें काय लागलें हें पाहिलें पाहिजे, कारण बहुतेक वाद तेथेंच घसरतात. हिराकस तापविला कीं प्रथम त्यांतलें पाणी जातें, मग गंधकाचा तीव्र धूर निघतो, आणि मागें गेरूसारखी तांबडी माती राहते. हा धूर पाण्याच्या वाफेशीं मिळाला म्हणजे गंधकाम्ल होतें. जवळ सोरा असला तर तें गंधकाम्ल सोऱ्यावर चाल करून त्यांतील आम्ल हुसकून लावतें. मीठ किंवा नवसागर असला तर मिठाचें आम्ल सुटतें. हीं द्रव्यें एकत्र तापविणारे लोक जगांत हजारों वर्षें होते. आम्ल त्यांच्या भट्टींत रोज उत्पन्न होत होतें, आणि रोज धुराड्यावाटे निघून जात होतें. तेव्हां आम्ल ‘तयार करणें’ हा शोध नव्हे. धूर पकडणें, तो निववून पाण्यासारखा बाटलींत ठेवणें, हा शोध.

सोनाराची जुनी रीत घ्या. सोन्यांतलें रुपें काढावयाचें तर सोन्याचे पातळ पत्रे करीत, त्यांवर मीठ किंवा सोरा व कच्च्या विटेची भुकटी यांचे थर देत, आणि गोंवऱ्यांच्या मंद आंचेवर ठेवीत. खारांतून सुटणारा धूर रुपें खाऊन टाकी, सोन्यास शिवत नसे. ऐने-अकबरींत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बादशाही टांकसाळीच्या वर्णनांत अबुल फजलनें ही सलोनीची रीत तपशिलानें दिली आहे. सोन्यांतून रुपें वेगळें करण्यासाठीं तांबें व गंधक घालून पुन्हां पुन्हां वितळविण्याची दुसरी रीतही तेथें आहे. दोन्ही रीती कोरड्या. त्या कारखान्यांत राख धुणारा ‘खाकशोय’ आहे, जो आमच्या सराफकट्ट्यावरील झारेकऱ्याचा भाईबंद. म्हणजे कणाकणाचा हिशेब ठेवण्याची सावधगिरी पुरेपूर होती. तरी ज्या धुराच्या जिवावर सगळें काम चाललें होतें तो कोणी पकडला नाहीं. वैद्यांच्या रसकर्पुराची तीच कथा. पारा, मीठ व तुरटी किंवा हिराकस यांवर आंच दिली कीं मिठाच्या आम्लाची वाफ त्यांतच निघून पाऱ्याशीं मिळते. वैद्यास हवा होता तो कुपीच्या गळ्याशीं जमणारा पांढरा पदार्थ. उरलेली वाफ कोठें गेली याची त्यास पर्वा नव्हती.

आणि धूर पकडण्याचें यंत्र आमच्याकडे नव्हतें असेंही नाहीं. पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९० सालीं छापलेला ‘रसरत्नसमुच्चय’ उघडून पाहावा. ग्रंथ सामान्यतः तेराव्या शतकांतला मानतात. त्यांत तिर्यक्पातन यंत्र सांगितलें आहे: एका घटाला लांब तिरकी नळी जोडावयाची, नळीचें दुसरें टोंक दुसऱ्या घटांत सोडावयाचें, सांधे मातीनें लिंपावयाचे, एकीकडे आंच व दुसरीकडे थंड पाणी. आडव्या नळीनें वाफ निववून धरण्याची ही पुरी व्यवस्था झाली. पण हें यंत्र पाऱ्याच्या शुद्धीसाठीं आहे. हिराकस तर सुश्रुताच्या काळापासून वैद्यांच्या कपाटांत आहे. म्हणजे यंत्र होतें, हिराकस होता. सोऱ्याचें काय?

येथें आपण या विषयाच्या सर्वांत निसरड्या जागीं येतों. सोरा हा शब्द फारशी. संस्कृतांत ‘सोरक’ म्हणून तो उशिरा शिरला. त्यापूर्वींचे जे शब्द आहेत, यवक्षार, सर्जिका, सौवर्चल, त्यांतला एकही निःसंशय सोरा नव्हे. अरबांनाही हा पदार्थ उशिराच कळला. १२४८ त वारलेला इब्न अल्-बैतार हा वनस्पतिज्ञ त्यास ‘चिनी बर्फ’ म्हणतो, त्यावरून तो कोठून आला हेंही कळतें. चिनी लोकांस त्याचे गुण नवव्या शतकापर्यंत, दारूच्या रूपानें, चांगलेच कळले होते. आमच्याकडे १८८० सालीं मद्रासच्या गुस्ताव ओपर्ट यांनीं शुक्रनीतींतील ‘सुवर्चिलवण’ म्हणजे सोराच असें धरून प्राचीन हिंदूंस बंदुकीची दारू ठाऊक होती असें प्रतिपादन केलें, आणि आपल्या लोकांस तें फार गोड वाटलें. पुढें डॉ. प्रफुल्लचंद्र राय यांनीं तो भाग मागाहून घुसडलेला असल्याचें स्पष्ट सांगितलें. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनींही आतषबाजीचा इतिहास १४०० पासून पुढें जुळविला, मागें ओढला नाहीं. पुराव्यापुढें न जाण्याचा हा बाणा मला स्वतःस फार मोलाचा वाटतो.

खुद्द रायांवरही या शब्दांनीं एकदां मोहिनी घातलीच. ‘रसार्णव’ या सुमारें बाराव्या शतकांतील तंत्रांत ‘बिड’ नांवाचें एक मिश्रण आहे. त्यांत हिराकस, सैंधव, माक्षिक, गंधक, सुंठ-मिरीं-पिंपळी, आणि सौवर्चल हीं शेवग्याच्या मुळाच्या रसांत भिजवावयाचीं. हें मिश्रण सर्व धातु जिरवितें अशी त्याची ख्याति. रायांनीं येथें सौवर्चल म्हणजे सोरा असा अर्थ केला. तो खरा धरल्यास हिराकस, मीठ व सोरा एकत्र आले, आणि मुशींत तापतांच अम्लराजाची वाफ सुटली असें म्हणावें लागेल. पण सौवर्चल म्हणजे आमच्या वाण्याकडचें संचळ! निदान वैद्यांची परंपरा तरी तसेंच मानते. आणि अर्थ रायांचा घेतला तरी हें मिश्रण पाऱ्याबरोबर खलून तापवावयाचें आहे, त्याचा अर्क काढावयाचा नाहीं. अर्थात् तो धूरच राहिला.

दुसरा एक पुरावा नांवाचा. शंख विरघळतो, म्हणून द्रव तीव्र असलाच पाहिजे असें पुष्कळजण म्हणतात. तें खरें नाहीं. शंख, शिंपला, मोतीं हीं चुनखडीचींच भावंडें. महाळुंगाच्या रसांत किंवा जुन्या कांजींत देखील तीं फसफसून हळूहळू झिजतात. वैद्य शंखाची शुद्धि करतांना लिंबाचा रस वापरतात त्यांतही हेंच घडतें. तेव्हां शंख विरविणारें ‘अम्ल’ एखाद्या जुन्या ग्रंथांत सांपडलें म्हणून नाचण्याचें कारण नाहीं. सोरा निःसंदिग्ध पाहिजे, हिराकस किंवा तुरटी पाहिजे, आणि वाफ दुसऱ्या पात्रांत धरल्याचें स्पष्ट सांगितलेलें पाहिजे. या कसोटीस उतरणारें वर्णन सोळाव्या शतकाच्या सुमाराच्या ‘रसप्रदीपा’सारख्या ग्रंथांत दिसूं लागतें. त्याच ग्रंथांत फिरंगरोग आणि त्यावरील चोपचिनी यांचाही उल्लेख आहे. म्हणजे पोर्तुगीज गोव्यास येऊन पोंचल्यानंतरचा तो काळ. शंखद्राव पोर्तुगिजांबरोबर आला असें मी म्हणत नाहीं. मुसलमान हकिमांकडून तो आला असणें अधिक संभवनीय. ‘तेजाब’ हा शब्दच त्यांचा. पण लॅटिन कृतीच्या आधीं आमची होती, असें आज तरी कोणास प्रामाणिकपणें म्हणतां यावयाचें नाहीं.

अभिमानास धक्का बसला असें वाटणाऱ्या वाचकांकरितां एक गोष्ट सांगतों. मद्रासकडील सर्जन व्हाइटलॉ एन्स्ली यानें आपल्या १८२६ च्या ‘मटेरिया इंडिका’ ग्रंथांत तामिळ वैद्यांची सोऱ्याचा तेजाब काढण्याची रीत नोंदली आहे. सोरा वीस भाग, तुरटी सोळा भाग, आणि अठरा भाग हरभऱ्याची आंब! देशावरच्या मनुष्यास ही आंब सांगावयास नको. पहांटे हरभऱ्याच्या शेतांत धुतलेलें फडकें पसरावयाचें, पानांवरच्या आंबट दंवानें तें भिजलें कीं पिळून बाटलींत ठेवावयाचें, आणि पोटदुखीस चमच्याचमच्यानें द्यावयाचें. आधुनिक दृष्टीनें या कृतींत आंबेचें काम पाण्याचेंच आहे. खरा जोर तुरटीचा. परंतु ही कृति कोणाची नक्कल नव्हे. ज्यानें ती बसविली त्यानें असा विचार केला कीं, आम्ल हवें तर आम्लाचें बीज घालावें, आणि आपल्या शेतांतलें सर्वांत आंबट पाणी त्यानें घेतलें. उसनी आलेली विद्या एका कोणा अनामिकानें येथल्या मातींत लावली होती. पहिलेपणाच्या दाव्यापेक्षां मला हें अधिक अभिमानाचें वाटतें.

आतां पुढला प्रश्न, आणि माझ्या मतें अधिक बोंचणारा. पकडलेला धूर कोणाच्या हातीं गेला?

युरोपांत तो सोनाराच्या व टांकसाळीच्या हातीं गेला. अॅग्रिकोलाच्या १५५६ सालच्या खाणींवरील ग्रंथाचें दहावें प्रकरण सोनें-रुपें विलग करण्यावर आहे, आणि त्यांत या पाण्याच्या एकामागून एक कृति दिल्या आहेत. हा लॅटिन ग्रंथ पुढें १९१२ सालीं इंग्रजींत आणला तो हर्बर्ट हूव्हर व त्यांच्या पत्नी यांनीं. तेच हूव्हर नंतर अमेरिकेचे अध्यक्ष झाले. सोनाराला तेजाब शेरांनीं लागूं लागला; मग तो स्वस्त करण्याची खटपट आली. ग्लाउबर यानें सतराव्या शतकाच्या मध्यास हिराकसाचा फेरा टाकून आयतें गंधकाम्ल सोऱ्यावर ओतण्याची सोपी रीत रूढ केली. मग गंधकाम्ल स्वस्त हवें. जोशुआ वॉर्ड यानें १७३६ च्या सुमारास लंडनजवळ मोठ्या कांचगोलांत गंधक व सोरा जाळून तें काढलें, तेव्हां पूर्वीं औंसास पडणाऱ्या किंमतींत पौंडभर मिळूं लागलें. १७४६ सालीं बर्मिंगहॅमच्या रोबकनें कांचेचे गोल टाकून शिशाच्या पत्र्याच्या खोल्याच बांधल्या. एका गिऱ्हाइकाच्या गरजेंतून दुसरा कारखाना, अशी ती सांखळी आहे.

आमच्याकडे तो वैद्याच्या हातीं गेला, आणि तेथें थांबला. वैद्याला लागत थेंब. पन्नास रोग्यांना पुरेल एवढा शंखद्राव एका कुपींत होई, मग दुसरी कुपी चढविण्याचें कारण काय? रायांनीं आपल्या ‘हिस्टरी ऑफ हिंदु केमिस्ट्री’च्या पहिल्या खंडांत, १९०२ सालीं, या ऱ्हासाचा दोष जातिभेदास दिला: हात एका जातीचे, डोकें दुसऱ्या जातीचें, म्हणून विद्या वांझ राहिली. हें वाचून त्या काळीं पुष्कळांस राग आला होता. मला त्यांत मोठें सत्य दिसतें. वैद्याच्या कुपींतलें पाणी सोनाराच्या पत्र्यावर पडलें असतें तर रुपें विरतें व सोनें राहतें हें एका क्षणांत दिसलें असतें; पण वैद्य सोनाराकडे जाई तो दागिन्यासाठीं, आणि सोनार वैद्याकडे जाई तो पोटासाठीं. मात्र जातिभेद हें एकच कारण मला पुरेसें वाटत नाहीं. सलोनीची रीत मंद होती तरी खात्रीची होती, आणि गोंवऱ्या व मजुरी स्वस्त होती. चालू असलेली गोष्ट मोडून महागडें पाणी विकत घेण्यास टांकसाळीस कांहीं निकड नव्हती. शिवाय कांच. आंच सोसणारीं, वांकड्या मानेचीं मोठीं कांचपात्रें आमचे कांचारी करीत नसत. बांगडी हें त्यांचें मुख्य काम. आमची कुपी मातीनें माखलेल्या फडक्याचे सात वेढे देऊन जपावी लागे. अशा कुपींत थेंब निघतात, शेर निघत नाहींत.

आणि यांतला उपहास असा कीं, सोरा आमचा होता. सतराव्या शतकापासून पाटण्याच्या बाजूचा सोरा इंग्रज व डच जहाजांतून युरोपास जात असे. बिहारच्या नोनिया लोकांनीं गांवांच्या जुन्या भिंतींची माती धुऊन तो काढावयाचा, आणि युरोपच्या तोफांनीं व तेजाबाच्या भट्ट्यांनीं तो खावयाचा. सोरा जाई पोत्यांतून. तेजाब परत येई कांचेच्या बरण्यांतून, पेंढ्यांत बसवून, जहाजाच्या जोखमीचें भाडें भरून.

मुंबईस हीं दोन टोंकें अखेर जुळलीं तीं टांकसाळीमुळें व सराफीमुळें. मुंबईची टांकसाळ १८२९ च्या सुमारास पुरी झाली. १९१८ सालीं तर लंडनच्या टांकसाळीची शाखा म्हणून येथें कांहीं महिने सोन्याच्या गिन्या पाडल्या गेल्या. सोन्याचा कस पाहण्याची पाश्चात्य रीत अशी: सोन्याच्या वजनाच्या सुमारें तिप्पट रुपें मिसळून पत्रा करावयाचा, आणि तो सोऱ्याच्या तेजाबांत उकळावयाचा. रुपें कमी असेल तर सोनें त्यास पांघरुणासारखें झांकून ठेवतें व तेजाबास आंत शिरतां येत नाहीं. रुपें विरून गेल्यावर तळाशीं राहतो तो तपकिरी, मातकट गाळ, आणि तेंच शुद्ध सोनें. उरलेल्या पाण्यांत तांब्याची पट्टी टाकली कीं रुपें राखी बुरशीसारखें तिच्यावर जमतें आणि पाणी निळें होतें. झवेरी बाजाराच्या माळ्यांवर, आणि आतां अंधेरी-बोरिवलीपर्यंत पसरलेल्या सोनारांच्या गाळ्यांतून, हें काम अजून चालतें. तेथें काम करणाऱ्या कारागिराचीं बोटें पिवळीं पडलेलीं असतात, आणि भांड्यांतून निघणारा तांबूस धूर त्याच्या फुप्फुसांत जातो. धूर पकडण्याचें काम या गाळ्यांपुरतें अजून पुरें झालेलें नाहीं.

रायांचा येथें पुन्हां उल्लेख केला पाहिजे. त्यांस हिंदु रसविद्येचा इतिहास लिहिण्याची प्रेरणा झाली ती त्याच बर्थेलोच्या पत्रानें, ज्यानें गेबरचें सोंग उतरविलें होतें. आणि रायांस रसायनज्ञ म्हणून कीर्ति मिळाली ती १८९६ च्या ज्या शोधानें, त्याचें साहित्य काय? पारा आणि सौम्य केलेला सोऱ्याचा तेजाब. पाऱ्यावर तेजाब थंडपणें काम करीत असतां पिवळे स्फटिक दिसले, आणि मर्क्युरस नायट्राइट हा नवा पदार्थ जगास मिळाला. आमच्या रसशास्त्राचा देव पारा. हा तेजाब त्याच्या देव्हाऱ्यांत इतकीं शतकें शेजारीं असून, ते दोघे अशा रीतीनें एका पात्रांत आले ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत.

आमच्या बाजूस गंधकाम्लाचा मोठा उद्योग आला तो पहिल्या महायुद्धाच्या टंचाईनंतर. १९१९ सालीं निघालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीनें अंबरनाथ येथें कारखाना उभारला. कापसाच्या गिरण्या व रंगाईचीं कामें यांस आम्ल लागतच होतें. सोऱ्याच्या आम्लाची रीत मात्र या शतकभरांत पार पालटली. ओस्टवाल्ड यानें १९०२ सालीं पेटंट घेतलेल्या कृतीनें अमोनिया वायु तापलेल्या प्लॅटिनमच्या जाळींतून नेतात. सोराही नको, हिराकसही नको. हवेंतला नत्रवायुच आम्लाचा कच्चा माल झाला. नोनियांचा धंदा बसला तो कांहीं अंशीं या कारणानें.

घाटकोपर-चेंबूरच्या बाजूस राहणाऱ्यांस ट्रॉम्बेच्या खतकारखान्याचीं धुराडीं परिचयाचीं आहेत. १९६५ सालीं तो सुरू झाला, आणि १९७८ पासून राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या नांवानें चालतो. तेथें नायट्रिक आम्ल टनांनीं तयार होतें. त्याचें एक मुख्य काम ‘सुफला’ नांवाचें खत करणें हें आहे. बाहेरून आणलेला फॉस्फेटचा दगड, जो हाडाप्रमाणें चुन्याच्याच कुळांतला आहे आणि पाण्यांत जन्मभर पडला तरी विरत नाहीं, तो दळून या आम्लांत टाकतात. आम्ल त्यांतील चुना ओढून घेतें आणि दगडांतलें सत्त्व पिकास घेतां येईल असें मोकळें होतें. वैद्यानें कुपींतल्या थेंबांत कवडी टाकून जें पाहिलें होतें तेंच तेथें रात्रंदिवस चाललेलें असतें, आणि भरलेलीं पोतीं घाटावरच्या शेतांकडे, क्वचित् हरभऱ्याच्याही शेताकडे, जात असतात.